डाव्या हाताचं अक्षर

छापखान्यात नव्या मॅनेजरबाईंनी फळा टांगला: ‘आपली चूक इथे लिहा. शिक्षा होणार नाही.’

कटिंग मशीनवरचे काका मनात म्हणाले, ‘घ्या, आला सापळा!’ आधीच्या साहेबांनी अशीच तक्रारपेटी ठेवली होती आणि अक्षर ओळखून दोघांना घरी बसवलं होतं. एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आठ दिवस फळा कोराच राहिला. नवव्या दिवशी बाईंनी स्वतःच लिहिलं, ‘माप मी चुकीचं दिलं आणि बोलणी मात्र काकांना बसली.’

“आमिष आहे हे,” काका बाइंडरच्या कानाशी लागले. “मालक येऊ देत, बघ कशी पुसते ते!”

मालक आले. बाईंनी त्यांना नेमकी फळ्यासमोरच खुर्ची दिली.

त्या दुपारी आसपास कुणी नाही असं बघून काकांनी डाव्या हाताने खरडलं, ‘पातं बोथट झालंय. तीन आठवडे मी सांगितलं नाही.’

सकाळी पात्याला धार लावलेली होती. कुणी लिहिलं, असं कुणीच विचारलं नाही.

काकांनी खडू उचलला, आणि एक डोळा दारावर ठेवूनच, कालच्या वाकड्या ओळीखाली उजव्या हाताने सही केली.