सहदेवचा सोळा बटणांचा डबा

बोलतोय तो मी, सोळा बटणांचा डबा. जन्म अमरावतीचा, साल एकोणीसशे एकसष्ट. अंग वरूडहून आलेल्या संत्र्यांच्या खोक्याचं, बटणं दारावरच्या घंटीची आणि पोटात तारांचा गुंता. असलं घराणं तुम्ही ऐकलं नसेल. मी वाद्य आहे हेसुद्धा मला दर वेळी सांगावं लागतं, कारण पाहणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "याच्यात ठेवता काय?"

मी स्वतः तोंड उघडत नाही. माझं बटण दाबलं की तारेतून निरोप जातो आणि शेजारी ठेवलेल्या जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह ओरडतात. दाबणारा एक आणि ओरडणारा दुसरा, ही पद्धत सरकारी कचेऱ्यांत आधीपासून होतीच. सहदेवनं ती संगीतात आणली, एवढंच.

सहदेव म्हणजे माझा जन्मदाता. बाप भाजीच्या मळ्यात राबणारा आणि पोरगं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. वयानं अठ्ठावीस, तरी घरच्यांना अजून वाटायचं की हा खेळ संपला की वांगी लावायला परत येईल.

मोरोपंत गुरुजींच्या घरी भाजी याच्याच मळ्यातून जायची. गुरुजी हार्मोनियम शिकवत. त्यांचा हात सुरू झाला की गल्लीतले लोक ओट्यावर येऊन बसत. मग एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिनाभरात सुधारला, डावा हात मात्र तसाच लोंबत राहिला. हार्मोनियमला उजवा हात सुरांना लागतो आणि डावा भात्याला. पेटी तांबड्या कापडात गेली आणि गुरुजी रेडिओपाशी. पुढे तो रेडिओही बिघडला, म्हणून सहदेवला बोलावणं गेलं.

रेडिओ उघडता उघडता सहदेव म्हणाला, "गुरुजी, भाता मी मारतो नं. तुमी निस्ते बोटं चालवा."

गुरुजी भडकले. "भाता म्हणजे माझा श्वास आहे. माझ्या नावानं श्वास तू घेणार? त्यापेक्षा पेटी गुंडाळलेली बरी."

आता याला मानी म्हणायचं की हट्टी, ते तुम्ही ठरवा. अनसूयाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दाराआडून म्हणाल्या, "वीस वर्षांत त्या पेटीला मलाही हात लावू दिला नाही, तिथं तुझं काय?" सहदेवनं मान हलवली, रेडिओ सुरू करून दिला आणि दुकानात परत आल्यावर संत्र्याचं एक खोकं फोडायला घेतलं. भाता नकोच असेल तर एका हाताचं वाद्य बनवू, असा त्याचा विचार. माणसं साध्या गोष्टीवर अडली की अवघड गोष्ट करायला घेतात, आणि मग त्याला हुशारी म्हणतात.

चार महिन्यांनी मी तयार झालो. बटणांच्या चार ओळी, ओळीत चार. गुरुजींनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला, अर्थात उजवा.

"सा इथं, आणि पंचम खालच्या आळीत? हे वाजवायचं की यात पत्ता शोधायचा?"

"खोक्याचा आकारच तसा होता, गुरुजी," सहदेव म्हणाला.

आवाजाबद्दल तर बोलूच नये. सर्दी झालेल्या माणसानं नाक धरून गावं, तसा तो होता. तरीही गुरुजी रोज माझ्यासमोर बसू लागले. चुकायचे, चिडायचे, पुन्हा बसायचे. एकदा सबंध भूप त्यांनी न अडखळता वाजवला आणि काकूंनी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

ही बातमी अकोल्याला पोचली. तिथले कमलाकांतराव वकील एका गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी कार्यक्रमच ठेवला. गुरुजींनी दीड वर्षात लोकांसमोर एक सूर वाजवला नव्हता. एसटीत सहदेव मला मांडीवर आणि रेडिओ पायाशी घेऊन बसला होता आणि गुरुजी खिडकीबाहेर पाहत सारखे म्हणत होते, "आज जमलं नाही तर पुन्हा विचारू नकोस मला."

मांडव भरला. वकीलसाहेब हळदकुंकू, अक्षता आणि नारळ घेऊन पुढे आले. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्या बटणाबटणावर ओली हळद लागली. मग त्यांनी शेजारच्या दगडावर नारळ फोडला आणि पाणी माझ्यावर धरलं.

सहदेव धावला. "वकीलसाहेब, पानी नका टाकू! आत तारा हायेत!"

"अरे, मोटारीवर टाकतो, कापसाच्या जिनिंग मशीनवर टाकतो. तुझा डबा काय मिठाचा आहे?"

आणि त्यांनी सगळी करवंटी रिकामी केली. कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूस होता, विजेचं कलम त्यात नसावं.

गुरुजींनी पहिलं बटण दाबलं. रेडिओतून 'भँऽऽ' असा जो आवाज निघाला तो बोट उचललं तरी थांबेना. दुसरं दाबलं, तर तोच आवाज अजून वर चढला. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हैस सोडली काय बे मांडवात?" मांडव हसून लोटपोट. सहदेवनं झटकन तार उपटली. मी गप्प झालो. गुरुजींचा हात माझ्यावर तसाच होता. माझ्यामुळे त्या माणसाचं हसं झालं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

वकीलसाहेबांनी घाईघाईनं पुढच्या नकलांची घोषणा सुरू केली. सहदेव मान खाली घालून मला उचलायला लागला. पाणी कोणी टाकलं ते तो चारचौघांत बोलला नाही.

"थांब," गुरुजी म्हणाले. मंडळाच्या भजनी लोकांची एक हार्मोनियम कोपऱ्यात होती. "ती पेटी आण इकडे."

सहदेवनं ती आणली. गुरुजींनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. क्षणभर डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस समोर. भाता धर."

"मी, गुरुजी?"

"मग काय वकिलाला सांगू?"

सहदेव बसला आणि जीव खाऊन भाता हाणू लागला. गुरुजी दातओठ खाऊन पुटपुटले, "हळू! बैल हाकून राहिला काय?" त्यानं हात आवरला. थोड्या वेळानं तो भात्याकडे पाहीनासा झाला, नुसता गुरुजींच्या बोटांकडे पाहत राहिला. बोटं सावकाश चालली की भाता सावकाश, बोटं धावली की भाता भरलेला. पाऊण तास मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. वकीलसाहेब आजही सांगतात की नारळ फळला.

त्यानंतर तांबडं कापड निघालं ते निघालंच. दर गुरुवारी सहदेवचं दुकान बंद असतं आणि दोघं कुठं ना कुठं वाजवायला जातात. कधी चांदूर बाजार, कधी बाळापूर. काकू त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

मी दुकानाच्या फळीवर आहे. माझी बारा बटणं एकेक करून अमरावतीतल्या लोकांच्या दारांवर गेली. चार उरलीत. परवा सहदेवनं एक काढायला पेचकस लावला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या. नवं आणून ठेवतो."

तुम्ही कधी या दुकानात आलात, तर माझी कीव करू नका. एकच सांगणं आहे: माझ्यावरची हळद अजून निघालेली नाही, ती पाहून कोणी भक्तिभावानं पुन्हा नारळ आणू नये. बाकी माझी तक्रार नाही. गुरुजींना दुसऱ्या कोणाच्या हाताची गरज पडू नये म्हणून मला बनवलं होतं, आणि मी वेळेवर बिघडलो.