देव्हाऱ्यापाशी लावलेला प्लग

पर्थहून खोकं आलं, तेव्हा बी लेंगनं ते उघडलंसुद्धा नाही. पायानं सोफ्यामागे सरकवून दिलं. धाकटा भाऊ बून किआत ऑस्ट्रेलियात बसून फोनवर उपदेश करायचा आणि उपदेशानं समाधान झालं नाही की वस्तू पाठवायचा. मागच्या वर्षी मान शेकायची उशी आली होती. आईनं ती जिन्यातल्या मांजरीला बाळंतपणासाठी दिली.

पण त्याच आठवड्यात आई मंडईत जाते म्हणून निघाली आणि चार बसथांबे पलीकडे एका शाळेच्या फाटकाशी जाऊन बसली. पहारेकऱ्यानं हटकलं, तर म्हणाली, "मुलगा सुटायचाय." मुलगा एकोणपन्नास वर्षांचा होता. आई एक्याऐंशीची. बी लेंग दुकानातून धावत गेली, तिला टॅक्सीत घालून घरी आणलं आणि रात्रीची भांडी घासून झाल्यावर खोकं ओढून बाहेर काढलं.

दुसरा उपाय उरला नव्हता. कामाला ठेवलेल्या बाईला आईनं चोर ठरवून पंधरा दिवसांत हाकललं होतं. वृद्धांच्या दिवसाच्या केंद्रात नेलं, तर तिसऱ्या दिवशी आई, गेक सुआनबाई, तिथल्या खुर्चीला धरून अशी रडली की तिथल्या मुलींनीच हात जोडले. बी लेंगनं लग्न केलं नव्हतं. बेडोक या उपनगरातल्या सातव्या मजल्यावरच्या त्या घरात त्या दोघीच, आणि दिवसाचे नऊ तास बी लेंग चष्म्याच्या दुकानात.

रविवारी सकाळी भाऊ व्हिडिओवर आला. खोक्यात दार उघडलं की फोनवर कळवणारी यंत्रं होती: एक हब, दाराचा एक सेन्सर आणि एक पांढरा प्लग.

"ताई, आधी हब राउटरला जोड. निळा दिवा लागला?"

"पांढरा लागलाय."

"हां, पांढराच."

"मग निळा कशाला म्हणालास?"

"बरं, चुकलं. आता दाराच्या सेन्सरच्या पाठीवरचा आकडा वाच. अकरा आकडे आहेत."

"मुंगीच्या पायाएवढे आहेत, किआत."

"चष्म्याच्या दुकानात आहेस ना तू?"

"लोकांचे चष्मे करते. स्वतःचा करायला सवड कुणाला आहे!"

आतून आईनं विचारलं, "कुणाशी भांडतेस गं?"

"किआतशी!"

"मग त्याला आत घे की. पोराला दारात उभं करून भांडतेस?"

पलीकडे भावानं पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाला, "आकडा वाच, ताई."

हबशेजारी धरला, तेव्हा सेन्सर एका मिनिटात जोडला गेला. बी लेंगला वाटलं, एवढंच होतं होय! पण तो नेऊन बाहेरच्या दाराला चिकटवला आणि फोनवर अक्षरं आली: प्रतिसाद नाही. काढला, पुन्हा हबपाशी आणला, जोडला. दाराला लावला. प्रतिसाद नाही. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा तिनं तो भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

घोळ भिंतीचा होता. त्यांच्या घराच्या दाराला लागूनच एक जाड सिमेंटची, लोखंडी दाराची खोली. बॉम्ब पडलाच तर लपायला, तिथल्या घरांत बांधतात तशी. लोक तिच्यात तांदूळ आणि बंद पडलेले पंखे ठेवतात. हब आतल्या खोलीत, सेन्सर दारावर आणि मध्ये ती खोली, पहिलवानासारखी पाय रोवून उभी.

"हे बघ," बून किआत समजावू लागला, "मॅटर म्हणजे या सगळ्या वस्तूंची एक भाषा. कुठल्याही कंपनीची वस्तू असो, हबला तिचं बोलणं कळतं. आणि थ्रेड म्हणजे त्यांनी निरोप एकमेकांच्या हाती द्यायची पद्धत. दारावरचा सेन्सर बारक्या बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज लांब पोचत नाही. मध्ये कुणीतरी निरोप्या हवा. तो पांढरा प्लग आहे ना? तो भिंतीतल्या विजेवर चालतो. तो मध्ये लाव. सेन्सर त्याला सांगेल, तो हबला सांगेल."

बी लेंगनं प्लग पंख्याच्याच बटणावर चालणाऱ्या खोबणीत लावला. सेन्सर लगेच जागा झाला. दार उघडलं की फोन टिंग करायचा, लावलं की पुन्हा टिंग.

आईनं दारावरची ती पांढरी चकती बोटानं टोकरली. "हे काय?"

"चोरांसाठी आहे, आई."

"आपल्याकडे चोर आला तर बिचारा रडत परत जाईल," आई म्हणाली. मग लेकीकडे तिरकं पाहून, "माझ्यासाठी आहे ना?"

बी लेंगनं दार ओढून लावलं. आईचं हेच होतं. दहा वेळा भलतंच बोलायची आणि अकराव्या वेळी नेमकं वर्मावर बोट ठेवायची.

पहिल्या पंधरा दिवसांत तीनदा फोनवर 'प्रतिसाद नाही' आलं. तिन्ही वेळा बी लेंगनं गिऱ्हाईक तसंच बसवून ठेवून शेजारच्या रोहानामावशींना फोन केला. तिन्ही वेळा मावशी गुडघा धरत उठल्या, दार वाजवून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आई भाजी निवडतेय." तिसऱ्यांदा त्यांनी हळूच जोडलं, "बाळा, माझी नमाजाची वेळ असते गं ही."

बी लेंग ओशाळली. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर पंख्याचं बटण भिंतीत बंद. आईनं आयुष्यभर खोलीतून निघताना बटण बंद केलं होतं. वडील गेल्यावर धुणी धुऊन तिनं दोन पोरं वाढवली होती. तिच्या घरात रिकामा पंखा कधी फिरला नाही. पंख्याबरोबर प्लग बंद, प्लगबरोबर निरोप बंद.

"आई, हे बटण बंद करायचं नाही, किती वेळा सांगू?"

"पंखा कुणासाठी चालू ठेवू? भुतांसाठी?"

"मी सांगते म्हणून!"

"ओरडतेस कशाला? बापाला ऐकू जाईल," आई म्हणाली आणि देव्हाऱ्याकडे वळून बसली.

तिथंच बी लेंगला तोडगा सुचला. देव्हारा अगदी दारासमोर होता. कुआन इम देवी, वडिलांच्या नावाची पाटी आणि दोन्ही बाजूंना विजेचे तांबडे दिवे. वडील गेल्यापासून चाळीस वर्षं ते दिवे विझले नव्हते. घर बदललं, तेव्हाही सामानाआधी देव्हारा आला, दिवे लागले, मग खाटा. सगळ्या घरात हे एकच बटण होतं ज्याला आईचा हात जाणार नव्हता. बी लेंगनं प्लग तिथं लावला. भावानं पर्थहून शाबासकी दिली. "ताई, तू माझ्यापेक्षा हुशार निघालीस."

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. बी लेंग दुकानात जेवताना फोन बघायची: दार बंद. चहा घेताना बघायची: दार बंद. तिला शांत झोप लागू लागली. एकदा तर ती कामानंतर मैत्रिणीबरोबर तासभर हिंडून आली.

मग तो गुरुवार. दुपारी अडीचला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काडी बसवताना तिनं फोनकडे नजर टाकली. दाराखाली अक्षरं होती: प्रतिसाद नाही. प्लगखालीही तेच. ती उठू लागली, पण लगेच आठवलं. किआत म्हणाला होता, हब अधूनमधून स्वतःच नवं काहीतरी उतरवून घेतो, तेव्हा तासभर सगळं रुसतं. आणि देव्हाऱ्याचा दिवा तर आई बंद करणं शक्यच नाही. म्हणजे हेच असणार. तिनं रोहानामावशींचा नंबर काढला, घड्याळ पाहिलं, मावशींचा गुडघा आठवला आणि फोन उपडा ठेवला.

चारला पाहिलं. प्रतिसाद नाही. दुकानात गर्दी होती. साडेपाचला पाहिलं आणि मग मात्र गिऱ्हाइकाला तसंच सोडून ती निघाली.

घराचं दार उघडंच होतं. आत सगळं अंधुक. स्वयंपाकघरातला दिवा बंद, न्हाणीघरातला बंद, पंखा बंद. देव्हाऱ्यातले दोन्ही तांबडे दिवे बंद. बी लेंगला ते कळायलाच काही क्षण लागले. तिथं तिनं कधी अंधार पाहिलाच नव्हता. भिंतीतलं बटण कुणीतरी नीट, शेवटपर्यंत दाबून बंद केलेलं होतं.

पोलिसांना फोन केला. रोहानामावशी हातात काठी घेऊन दोन इमारती पालथ्या घालून आल्या. साडेसहाला कालव्याकाठी गवत कापणाऱ्या एका बांगलादेशी कामगाराला आई सापडली. काँक्रीटच्या पायऱ्यांवरून ती खाली गडगडली होती. उन्हात चार तास पडून होती. कामगारानं तिच्या डोक्याखाली स्वतःचा शर्ट ठेवला होता आणि रुग्णवाहिका येईपर्यंत टोपीनं वारा घातला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आई थोडी शुद्धीवर आली. बी लेंगनं तिचा हात धरून विचारलं, "आई, कुठं निघाली होतीस?"

"घरी."

"आणि दिवे का बंद केलेस?"

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या बावळट पोरीकडे पाहावं. "परक्याच्या घरातून निघताना दिवे बंद करून निघावं. शिकवलं नाही का तुला कुणी?"

बून किआत शनिवारी आला. दवाखान्याच्या खाणावळीत दोघं समोरासमोर बसली. कॉफीवर साय धरली. तो तावातावानं बोलत होता. "मी त्या कंपनीला सोडणार नाही, ताई. जीव जाता जाता वाचला. यंत्र ऐन वेळी बंद पडतं म्हणजे काय?"

"यंत्र बंद पडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"आईनं देव्हाऱ्याचा दिवा बंद केला."

"आई? शक्य नाही."

"मलाही तेच वाटलं." बी लेंगनं कप बाजूला सारला. हे तिला एकदा कुणाला तरी सांगायचंच होतं. "अडीचला मी फोन बघितला होता, किआत. बघितला आणि उपडा ठेवला. रोहानामावशींना पुन्हा त्रास कसा द्यायचा, म्हणून. तीन तास मी चष्मे विकत बसले."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "घर माझ्या फोनवरही दिसतं, ताई."

बी लेंगनं मान वर केली.

"पावणेतीनला बघितलं होतं मी. मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, ताई तिथंच आहे. ती बघेल."

पलीकडच्या टेबलावर कुणाचं तरी मूल रडत होतं. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. तो आठवडाभर राहिला, आईच्या उशाशी बसला, आईनं त्याला डॉक्टर समजून पाय दुखतो म्हणून तक्रार केली आणि तो परत गेला. आता तो रोज फोन करतो, पण उपदेश करत नाही.

आई पुन्हा चालली नाही. तिला घरी ठेवणं होण्यासारखं नव्हतं. दोन महिन्यांनी सेरांगूनकडच्या एका वृद्धाश्रमात, सहा खाटांच्या खोलीत, तिला जागा मिळाली. त्या संध्याकाळी बी लेंगनं फोनमधून एकेक वस्तू काढून टाकली. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की काढायचं? ती हो म्हणायची.

दर रविवारी ती माशाची पेज घेऊन जाते. आईनं आता नावं घेणं सोडलं आहे. ओठांना चमचा लागला की तोंड उघडते, पुरे झालं की मिटते. मागच्या रविवारी तिनं अर्धी पेज खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. उरलेली बी लेंगनं तिथंच खाटेशेजारी बसून खाल्ली. गार झाली होती. मग नळावर डबा धुतला, परिचारिकेला सांगितलं आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.