भरतेशच्या संगणकावरचे निरोप

माधवनगरात आक्काताईंच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पार पलूसहून माणसं आली होती. टेबलावर हार घातलेला जुना संगणक. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेलेल्या त्यांच्या लेकाचा, भरतेशचा. त्यातून म्हणे भरतेश बोलायचा.

"बगा, नेटची तार न्हाई, कीबोर्ड न्हाई!" मेलेल्यांचे निरोप आणून देणारे नानासो महाराज गरजले. "मग कोन लिवतंय? आत्मा! आत्म्याला रिचार्ज लागत न्हाई!"

"भरतेश, पाय लय ठणकतोय रं," आक्काताई पडद्याला म्हणाल्या.

अक्षरं उमटली: आई, सुई घेऊ नकोस. अंगारा लाव.

माणसांनी हात जोडले. दाराशी उभ्या सुंदरीनं हात जोडले नाहीत. ती भरतेशची थोरली बहीण, सांगलीतल्या शाळेत संगणक शिकवणारी. आईनं इन्सुलिन सोडून महिना झाला होता, पायाचा अंगठा काळा पडला होता. आठवडा गेला तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भांडून झालं, पाया पडून झालं. आईचं उत्तर एकच, "भरतेश नको म्हंतोय."

एवढ्यात पडद्यावर आलं: अमावास्येला माझं पिंड ठेव. कावळा शिवल्याशिवाय मला गती नाही.

सुंदरीच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या जैन घरात कधी कुणाचं पिंड ठेवलं नव्हतं, की कावळ्याची वाट पाहिली नव्हती. मेल्याच्या नावानं लिहिणाऱ्यानं साधी चौकशीसुद्धा केली नव्हती! तिची नजर माजघराच्या दाराकडे गेली. महाराजांचा शिष्य ज्योतिबा आत जपाला बसला होता, कडी लावून. निरोप सुरू व्हायच्या आधी संगणक 'शुद्धीसाठी' घेऊन गेला होता तोही हाच.

ती परड्यातून वळसा घालून मागच्या दारानं आत शिरली. ज्योतिबाच्या मांडीवर जपमाळ नव्हती, लॅपटॉप होता. तो हिसकावून ती सोप्यात आली आणि सगळ्यांसमोर तिनं टाइप केलं: आई, मी सुंदरी.

भरतेशच्या पडद्यावर तेच उमटलं.

"हा संगणक म्हणजे ह्या लॅपटॉपचा नुसता जादा पडदा हाय," ती म्हणाली. "दोन्हीत एक प्रोग्राम टाकायचा, वाय-फायनं एकमेकांना जोडायचं. बाहेरचं नेट लागतच न्हाई. ऑफिसात लोक रोज करत्यात."

"पोरगी बाटली!" महाराज ओरडले खरे, पण डोळे चपला शोधत होते.

आक्काताईंनी पडद्यावरून हात फिरवला. "त्यो बोलत हुता गं माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "तू पुन्यांदा मारलंस त्याला."

सुंदरीनं आईला हाताला धरून उठवलं. दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली.

अंगठा गेला, पाऊल वाचलं. आक्काताई लेकीशी अजून धड बोलत नाहीत, सुईसाठी दंड मात्र मुकाट्यानं पुढे करतात. महाराजांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या आईच्या घरात दुकान मांडलंय. गर्दी तिथंही तेवढीच आहे.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी खुशाल रडावं. पण कुणी त्याचे निरोप आणून देऊ लागला, तर आधी शेजारच्या खोलीचं दार उघडून बघावं. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारावं.