उजेडाची बाजू

रंगूबाईंनी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात हात घालून आत आलेलं खिळ्याचं टोक चाचपलं. सावित्रीबाईंनी बत्त्याने ते ठोकून सपाट केलं. आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यातून राघू मान वाकडी करून दोघींकडे पाहत होता.

“रामकृष्णहरी, मंडळी,” तो म्हणाला.

रंगूबाईंचा हात खोक्यातच राहिला. शेवटचं अक्षर जरासं लांबवून त्याला झोका द्यायची ती लकब गोटीरामची होती. आवाजही त्याचाच. पंचवटीतल्या या भाड्याच्या खोलीत त्यांचा भाऊ उभा जन्म राहिला, आसपासच्या देवळांतून कीर्तनं करत राहिला, आणि गेल्या महिन्यात इथंच वारला. खुंटीला त्याचा फेटा अजून होता.

राघूला येवल्याला न्यायचं होतं. टांगता पिंजरा एसटीच्या दारातून आत जाण्यातला नव्हता. म्हणून सकाळीच रंगूबाई भद्रकालीच्या बाजारातून झाकणाची करंडी घेऊन आल्या होत्या. चांगली घट्ट विणीची. बुरूड म्हणाला होता, “अंधार झाला का पाखरू गप बसतं, मावशी. बिनघोर न्या.” शेजारच्या सावित्रीबाईंनी ती करंडी पाहिली आणि हातसुद्धा लावला नाही, उलट हे खोकं आणून दिलं. आता रंगूबाईंनी पुन्हा करंडीकडे पाहिलं.

“बंद नको, ताई.”

“का हो? अंधारात गप राहतो म्हणाला तो.”

“हा नाही राहत.”

सावित्रीबाई उठल्या. गोटीरामबुवांचं उपरणं झटकून त्यांनी पिंजऱ्यावर टाकलं, चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं, आणि मागे सरकून उभ्या राहिल्या.

आतून काहीच आलं नाही. मग खोकला आला. कोरडा, बरगड्यांतून उपसून काढल्यासारखा, थांबला म्हणता पुन्हा सुरू होणारा, माणसाचा खोकला. रंगूबाईंनी खुंटीकडे पाहिलं. फेटा जागेवर होता. खोकला विरत गेला, मागोमाग दम खात घेतलेला श्वास ऐकू आला, आणि तेवढ्यात सावित्रीबाईंनी उपरणं ओढून काढलं.

“यापुढचं नका ऐकू,” त्या म्हणाल्या.

उजेडात राघूने पंख झाडले. “रामकृष्णहरी, मंडळी.”

“कधीपासून खोकत होता?” रंगूबाईंनी विचारलं.

“दसऱ्यापासून. दिवा विझला की सुरू व्हायचा. मी म्हटलं, बुवा, येवल्याला कळवते. तर हात जोडले मला. म्हणाले, वहिनी, आई झुरेल.” सावित्रीबाई उपरण्याची घडी घालत राहिल्या. “ते गेल्यापासून रोज कंदील ठेवते याच्यापाशी. सगळी आळी झोपते आणि मी एका पोपटाची पहारेकरीण.”

त्या हसल्या. रंगूबाईंना हसता आलं नाही. येवल्यात त्यांनी आईला, बयाबाईंना, वेगळंच सांगितलं होतं. गोटीराम कीर्तनाच्या उत्तररंगात गेला. उभ्यानं, हातात चिपळ्या, ओठांवर नाम. असं मरण मागून मिळत नाही. बयाबाई तेव्हा रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या तेच सांगत, “माझा गोटीराम उभ्यानं गेला,” आणि बाया त्यांच्या पाया पडत. मग एके दिवशी म्हणाल्या, “रंगू, त्याचा राघू आण. आवाज तरी घरात राहील.”

आवाज तर राघूत होता. पण सगळाच होता.

“इथंच ठेवू का याला?” रंगूबाई म्हणाल्या. “आईला सांगते, उडून गेला.”

“म्हातारीला पुन्हा एकदा दुःख द्याल? न्या. फक्त उजेडाची सोय करा.”

सावित्रीबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दुधाच्या कपाटाच्या दाराची जाळी उचकटून घेऊन आल्या.

“अहो, कपाट उघडं पडेल तुमचं!”

“पडू दे. आळीतल्या मांजराची दिवाळी.”

खोक्याची एक बाजू काढून तिथं ती जाळी ठोकली. आत आडवी काडी बसवली, कोपऱ्यात पेरूची फोड ठेवली. राघू सावित्रीबाईंच्या हातावर आला, त्याने बोट हळूच चोचीत धरून सोडून दिलं, आणि आत जाऊन बसला. उपरणं मात्र सावित्रीबाईंनी पिशवीत तळाशी घातलं.

एसटीत रंगूबाईंनी खिडकी पकडली, खोकं मांडीवर घेतलं आणि जाळीची बाजू खिडकीकडे केली.

“मावशी, याचं अर्धं काढू का पुरं?” कंडक्टर म्हणाला. “वारं लागतंय त्याला. फडकं टाका वरून.”

“नको. त्याला उजेड लागतो.”

“लय लाडाचं दिसतंय.”

निफाडच्या अलीकडे टायर बसलं. चाक बदलेपर्यंत ऊन उतरलं. रंगूबाई रस्त्याकडेला खोकं घेऊन उभ्या होत्या आणि सावली सरकेल तशा दोन पावलं पुढे उन्हात जात होत्या. विंचूर सुटलं तेव्हा द्राक्षबागांवर काळोख आला होता. गाडीतला एकुलता दिवा ड्रायव्हरच्या डोक्यावर मिणमिणत होता, तो मागे पोचत नव्हता.

मांडीवर खोकला सुरू झाला.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. रंगूबाईंनी झटक्यात पदर तोंडाशी नेला, खांदे हलवले. राघू खोकत राहिला आणि त्या पदराआड ओठ घट्ट मिटून बसल्या. मागोमाग आत काही पुटपुटणं झालं, ते गाडीच्या खडखडाटात बुडालं.

“खोकला लय धरलाय, बाई,” म्हातारा म्हणाला. “अंगावर काढू नका.”

“नाही काढत,” त्या म्हणाल्या. डोळे मात्र त्यांना पुसावे लागले.

घरी पोचल्या तशी त्यांनी आधी कंदील लावला, मग खोकं आत घेतलं. बयाबाई बाजेवर बसून होत्या. त्यांची नजर गेलेली होती, उशाशी पाण्याचा तांब्या, हाताशी माळ. रंगूबाईंनी खोकं बाजेवर ठेवलं, कंदील जाळीला लागून ठेवला आणि वात मोठी केली.

“रामकृष्णहरी, मंडळी,” राघू म्हणाला.

बयाबाईंनी दोन्ही हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले. राघू आणखी दोनदा बोलला, मग पेरू टोकरू लागला. त्या नाकाने हवा हुंगत राहिल्या.

“रंगू, रॉकेल जळतंय. मला काय कंदील लागतो? विझव.”

“राघू अंधाराला भितो, आई. राहू दे रात्रभर.”

“रात्रभर?”

“सवय आहे त्याला.”

बयाबाईंनी चाचपत हात पुढे केला. बोटांना खोक्याची फळी लागली, जाळी लागली, तिच्यापुढची कंदिलाची ऊब लागली. हात तिथंच थांबला.

“दिवाळीत आला होता ना,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, एक अभंग म्हण. म्हटला त्यानं. आवाज खालून येत होता गं. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. बसून म्हणत होता.”

रंगूबाईंनी वात जराशी खाली केली.

“कीर्तनकार पोरगं. माझ्यापुढं कधी बसून म्हटलं नाय त्यानं.” त्यांनी माळ बाजूला ठेवली. “तू उभ्यानं गेला म्हणालीस. मीबी गावाला तेच सांगितलं. लोकांना बरं वाटतं.” मग आवाज उतरला. “आता घरात आपणच हाय. विझव.”

रंगूबाईंनी काच उचलली. फुंकर मारायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

अंधार झाला. आधी काहीच नाही. मग खोकला आला, बाजेच्या दोऱ्या हलाव्यात असा. बयाबाईंचा हात खोक्याच्या पाठीवरून हळूहळू फिरू लागला, वरून खाली, वरून खाली. खोकला दमला. दम खाल्लेला श्वास आला, आणि सावित्रीबाईंनी ऐकू दिलं नव्हतं ते आलं, अगदी हलक्या आवाजात.

“आई, पाणी दे.”

“देते, बाळा,” बयाबाई म्हणाल्या, आणि अंधारात अचूक उशाच्या तांब्याला त्यांचा हात लागला.