ग्रहाची दृष्ट

माझी मुलगी तिलिला डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत काम करते. एका दूरच्या ताऱ्याचा उजेड किंचित मंदावताना तिने दोनदा टिपला होता. तिचं म्हणणं, त्याच्यापुढून एक थोरला ग्रह जातो. तिसऱ्यांदा दिसला की ग्रह तिचा. नाहीतर परदेशातले लोक टपलेलेच होते.

आमच्याकडे बाळाचं सातव्या दिवसाआधी कोणी कौतुक करत नाही. माझी नणंद लल्ला इत्तो मात्र अख्ख्या मंगळवारच्या बाजारात सांगत सुटली, की आमच्या पोरीला ग्रह झालाय. त्यानंतर ग्रह ताऱ्यापुढून जायच्या दोन खेपा आल्या, दोन्ही वेळा ढग. नजर, दुसरं काय.

पुढची खेप गुरुवारी, अंधार पडताच. माझा रोजा होता. खजूर तोंडात टाकून मी वर पोचले, तर वेधशाळेच्या दारात वन्सं निखाऱ्यांची शेगडी घेऊन उभ्या. दृष्ट काढायला हरमलच्या बिया मूठभर.

तिलिला हात जोडून म्हणाली, "आत्या, हा धूर आत आला तर तारा दिसायचा नाही."

"मग नजर कोण उतरवणार? तुझी दुर्बीण?"

मी हळूच म्हटलं, "वन्सं, धुरी नजर लावणाऱ्यालाच द्यावी. बाजारात कोण बोललं होतं?"

वन्सं शेगडी उचलून उताराखालच्या भिंतीआड गेल्या, वारा वेधशाळेकडे जात नव्हता तिथे, आणि स्वतःलाच धुरी देऊ लागल्या. मी सोबत बसले. खोकत खोकत त्यांनी ग्रहाची चौकशी केली. मी लेकीकडून ऐकलेलं सांगितलं: सगळा वायूच, पाय टेकायला जमीन नाही, आणि एका बाजूला सूर्य कधी मावळतच नाही.

"मग तू तिथे रोजा सोडणार कधी?" त्यांनी विचारलं. "आणि जमीन नाही तर केर कुठला? सून म्हणून मलाच पाठवा."

तेवढ्यात वरून तिलिलाची हाक आली. उजेड मंदावला होता, अगदी वेळेवर. मी अल्लाचे आभार मानले. वन्सं उठून गावात सांगायला धावणार, तोच तिलिला खाली येऊन म्हणाली, "आत्या, आकडे तपासायचेत. सात दिवस कुणाला सांगायचं नाही."

वन्संनी पदरासारखी ओढणी तोंडावर घट्ट ओढली.

मंगळवार सहाव्या दिवशी आला. जन्मात पहिल्यांदाच त्या बाजाराला गेल्या नाहीत. आतून कडी लावून बसल्या. दाराआडून म्हणाल्या, "वहिनी, कांदे तूच आण. मला माझा भरवसा नाही."