खांद्याचा वाटा

“वाच.” बुरुलचाने पुस्तक दस्तरखानावर आपटलं, तशी वाट्यांतला चहा हिंदकळला. “बेचाळिसावं पान. मोठ्यानं वाच.”

इरिसबेकने पुस्तकाकडे पाहिलंही नाही. ते त्यानेच लिहिलेलं होतं, देशाच्या फुटबॉल संघाचा इतिहास. पहिल्या संघाचा कप्तान तो. आज त्याच्या घरी पुस्तकाची मेजवानी होती. त्या संघातले अजून हिंडते-फिरते असलेले चार गडी त्याच्यासोबत लोकरीच्या नमद्यावर मांड्या घालून बसले होते. दाराशी पुस्तकांच्या प्रतींचा ढीग वाटण्यासाठी रचून ठेवला होता.

“वहिनी, आधी बसा तरी. चहा घ्या.”

“चहा प्यायला घाटातून दोन बस बदलून आले नाही मी.”

“इतकी वर्षं नर्स होती म्हणे,” त्या चौघांतला साबिर शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटला. “स्वतःला वाचता येत नाही वाटतं.”

“डोळे शाबूत आहेत माझे, साबिर. तुझी मूळव्याध पाहिलेले डोळे आहेत हे.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. बुरुलचाने पुस्तक न उघडताच ओळ म्हटली. ती तिला पाठ होती. “‘पहिल्या सामन्यात आपला गोलरक्षक केरिमकुल दारू पिऊन उभा होता. सात गोलांचं कारण एवढंच.’ एवढंच का रे?”

पुस्तक परवा टपालाने आलं होतं. तिच्या नवऱ्याने, केरिमकुलने, चष्मा लावून ते पान वाचलं, चष्म्याची घडी केली आणि भिंतीकडे तोंड करून तो निजला. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. आधीच अंथरुणाला खिळलेला माणूस, त्याला आता कोणत्या बळावर उठवायचं, हे तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईलाही कळेना.

“पुस्तक वाटायच्या आधी ते वाक्य खोडायचं,” ती म्हणाली. “आणि खरं काय ते यांच्यासमोर बोलायचं.”

“तो प्यायला होता की नव्हता? तेवढंच सांगा.”

“होता.”

“मग झालं! इतिहास काही कुणाच्या बायकोला विचारून लिहीत नाहीत.”

देश तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या कोकरासारखा होता. अंग ओलं, पाय लटपटते. संघाच्या जर्सी जुन्याच, कढईत रंग उकळून लाल केलेल्या. घाम आला की रंग पाठीला लागायचा आणि बायका तो आठवडाभर घासत बसायच्या. पहिल्या सामन्याला सीमेपार निघायच्या आदल्या दिवशी सरावात केरिमकुलची दोन बोटं मोडली. बुरुलचानेच त्यांना फळ्या बांधल्या, खेळू नकोस म्हणून बजावलं. पण दुसऱ्या गोलरक्षकाचे कागद सीमेवर अडले. पुढे काय झालं ते केरिमकुलने तिला एकदाच सांगितलं आणि वर शपथ घातली, माझी माणसं आहेत ती, बोलायचं नाही. ती बोलली नव्हती. आजवर.

मांसाचं ताट आलं. इथे हाडागणिक मान आणि माणसागणिक हाड. जो येऊ शकला नाही, त्याचा वाटा फडक्यात बांधून घरी धाडायचा. गड्यांत केरिमकुल सर्वांत थोरला, म्हणजे कमरेचं हाड त्याचं. इरिसबेकने ते उचललं आणि सरळ आपल्या पुढ्यात ठेवलं. मग ताट चिवडून त्याने खांद्याचं पातं काढलं आणि बुरुलचापुढे टाकलं.

“हे न्या त्याला. आजाऱ्याला पुरे.”

“इरिसबेक,” जोल्चू दबक्या आवाजात म्हणाला, “अरे, खांदा?”

खांद्याचं मांस एकट्याने खायचं नसतं. छपराखाली असतील तेवढ्यांनी त्याचा घास घ्यायचा आणि दिलेला घास कुणी नाकारायचा नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अपमान करायच्या घाईत यजमान तेवढंच विसरला होता.

बुरुलचाने सुरी उचलली. लग्नघरात बायका वरपक्षाला डिवचतात, त्या चालीवर ती हलकेच म्हणाली,

“अकरा गेले गं घाटापार,
मोडक्या बोटांनी झेलले वार,
परत येताना मोजले मी,
दहा शहाणे, एक गुन्हेगार.”

पहिला तुकडा तिने साबिरपुढे धरला. “बसच्या सीटखालून बाटली तू काढलीस. खा.”

साबिरने खाली मान घालून घास घेतला.

“जोल्चू, तो नको म्हणत होता. तू त्याचं डोकं मागं धरलंस.”

“वहिनी, कळवळत होता हो तो. दुखणं मारायला दुसरं काहीच नव्हतं आमच्याकडे.”

“ठाऊक आहे. मीसुद्धा पाजली असती. पण ते त्याच्याच माथी मारून पुस्तक नसतं लिहिलं.”

जोल्चूने खाल्लं. उरलेल्या दोघांना तिला काही म्हणावंच लागलं नाही, त्यांनी आपणहून हात पुढे केले. शेवटचा तुकडा घेऊन ती कप्तानापुढे येऊन उभी राहिली.

“आणि मी बांधलेल्या फळ्या तू सोडल्यास. हातमोजा चढेना म्हणून.”

“पुरे झाला तमाशा!” इरिसबेकचा चेहरा लालभडक झाला होता. “चला, दुआ करू आणि उठू.” दुआ झाली की जेवण संपतं, मग कुणी कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नसतं. त्याने घाईघाईने दोन्ही तळवे वर धरले.

बाकी कुणाचेच हात उठले नाहीत. चारही गड्यांचे तेलकट हात आपापल्या गुडघ्यांवर होते.

बुरुलचाने शेवटचा घास त्याच्या उघड्या तळव्यांत ठेवला, सुरी पुसली आणि ती दाराकडे वळली. जोल्चू धडपडत उठला. कप्तानापुढचं कमरेचं हाड त्याने फडक्यात गुंडाळलं आणि बुटांचे बंद न बांधताच तो तिच्या मागे धावला. साबिरने प्रतींचा ढीग हळूच स्वतःकडे ओढला, वरची प्रत घेऊन बेचाळिसावं पान काढलं आणि कुणाकडे पेन आहे का म्हणून विचारलं.

इरिसबेक तसाच बसून राहिला. तळव्यांतलं मांस निवत गेलं, चरबी पांढरी पडू लागली. त्याला ना ते तोंडाकडे नेता येत होतं, ना खाली ठेवता येत होतं.