आईला बोट लागते

आईला नदीवर न्यायचं ठरलं, तेव्हा ग्वेईयिंगने धाकट्या बहिणीला मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर लीवेन शनझेनहून पर्स हलवत आली असती आणि सगळं श्रेय आयतं घेऊन गेली असती. अकरा वर्षं म्हातारीची औषधं, आंघोळ, रात्रंदिवसाची कुरकुर कोणी काढली? ग्वेईयिंगने. मग आईला तिचं माहेर दाखवायचा मानही तिचाच.

माहेर म्हणजे शितान, ली नदीच्या काठी कड्याखालचं दहा-बारा घरांचं गाव. माणसं केव्हाच वर रस्त्याकडे राहायला गेली, पायवाट ढासळली, आता ते दिसायचं तर पाण्यातूनच. म्हातारीच्या बापाची तिथे मालाची होडी होती. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन हंगयांगला आली आणि बाप गेला त्यानंतर चाळीस वर्षांत तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. आता एक्याऐंशी सरली होती. "घाटाच्या पायऱ्या आणि कापराचं झाड लांबून दिसलं तरी पुरे," असं ती दोन वर्षं म्हणत होती.

ग्वेईयिंगने परवडेल अशी सहल शोधली. कारखान्याच्या खानावळीतून निवृत्त झालेल्या बाईला परवडून परवडून काय परवडणार? सोळा तासांत तीन दुकानं, उशांचं, जेडचं, चहाचं. जेवणात पातळ भाजी. पण नदीवर तराफ्याची फेरी त्यात धरलेली होती, आणि तराफा शितानवरूनच जायचा. एवढ्यासाठी तिने उशांच्या दुकानात काही विकत न घेतल्याबद्दल गाईड पोरीचे टोमणे तासभर निमूट ऐकले.

धक्क्यावर फाटकातल्या माणसाने म्हातारीचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं आणि परत केलं.

"सत्तरीपुढच्यांना तराफ्यावर नाही."

"अहो, पैसे भरलेत."

"भरले असतील. नाही म्हणजे नाही. मागच्यांना येऊ द्या."

गाईड पोरगी मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "मावशी, कागदावर छापलं होतं. वाचायचं तरी. इथेच बसा, आम्ही दीड तासात येतो."

ग्वेईयिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीला चार शब्द सुनवायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"ताई, तिच्यावर कशाला ओरडतेस? ती बरोबर बोलतेय."

लीवेन. उन्हाची टोपी, पांढरे बूट, हातात मोठ्या बोटीची दोन तिकिटं. पलीकडच्या धक्क्यावर ती बोट उभीच होती, तीही शितानवरून जाणारी, वरच्या मजल्यावर काचा आणि गादीच्या खुर्च्या.

"तू इथे कशी?"

"आईने फोनवर सांगितलं."

ग्वेईयिंगने आईकडे पाहिलं. म्हातारी स्वेटरची बटणं चाचपत होती.

"तराफ्यावर घेत नाहीत हे मला माहीत होतं," लीवेन म्हणाली. "म्हणून आईचं तिकीट काढून ठेवलं. महिना झाला."

"महिना? आणि मला सांगितलं नाहीस? माझी इथे शोभा होऊ दिलीस?"

"तू येतेयस हे तरी मला कुठे सांगितलंस? चोरून आणलंस आईला. आणि आणलंस कसं, तर मेंढरांच्या गाडीतून. बघ तिचे पाय, कसे सुजलेत."

"पाय मीच चोळते रोज. तुला वर्षातून एकदा दिसतात."

"पैसे पाठवते ना मी?"

"पैसे पाठव आणि टोपी घाल. दुसरं येतंय काय तुला?"

लोक बघायला लागले. तराफेवाले तर हातातली कामं टाकून बघत होते. लीवेनने ओठ आवळले, मग एकेक शब्द तोलत म्हणाली, "बरं. तुझंही तिकीट काढते मी. एक जागा असेल शिल्लक. तेवढ्याने माझं काही बिघडत नाही."

इथे खरं तर मिटलं असतं. पण ते 'बिघडत नाही' ग्वेईयिंगला असं झोंबलं, की तिला नदी दिसेना, गाव दिसेना, समोर फक्त ती टोपी दिसायला लागली.

"नको तुझी मेहेरबानी. आईला बोट लागते. ओकारी होते तिला. तुला काय माहीत, तू राहतेस का तिच्याबरोबर?"

"आईला? बोट लागते?" लीवेन हसलीच. "आई, तूच सांग."

दोघी बघत राहिल्या. म्हातारीने आधी बोटीकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"हो," ती म्हणाली. "लागते हल्ली. तू जा लीवेन, फोटो काढून आण."

लीवेनचा चेहरा उतरला. तिने पुन्हा विचारलं, हात धरून ओढलं, शेवटी रागाने पाय आपटत एकटीच फळीवरून चढून गेली. बोट हलली. ग्वेईयिंगला काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिने म्हातारीला सावलीतल्या बाकावर बसवलं, तांदळाच्या शेवयांचा वाडगा आणून दिला, वर स्वतःच्या वाटणीचं मांसही घातलं.

"खा. तिचा नक्षा बरा उतरवलास."

म्हातारीने चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्या. बोट वळणापाशी पोचली होती आणि ती मान लांब करून बघत होती. कड्याआड बोट गेली तरी मान तशीच.

ग्वेईयिंगनेही वळणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, तुला बोट कधीपासून लागते गं? तू तर होडीवर वाढलीस."

"नाही लागत."

"मग म्हणालीस का तसं? जायचं होतं तर जायचंस. मी काय धरून ठेवलं होतं?"

म्हातारीने वाडगा हळूच तिच्याकडे सरकवला.

"ती उद्या शनझेनला जाईल," ती म्हणाली. "मला तुझ्या घरी परत जायचंय."